दोणीत धुतलेली अंडी

पूर्वी अश्मक देशात गोदावरीच्या काठी कदंबपूर नावाचे एक नगर होते. धृतवर्मा राजा तेथे राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका अंडीविक्याच्या घरी जन्म घेतला, आणि बाप वारल्यावर बापाची कावड आपल्या खांद्यावर घेतली. लोक त्याला सोमिल या नावाने ओळखत.

नगराच्या उत्तरेला, ओढा ओलांडून कोसभर चालले की बोरवाडी लागत असे. ती तीसएक घरांची वस्ती होती. तेथले पुरुष दुसऱ्यांच्या शेतांवर राबत आणि बायका घरामागे पाच-दहा कोंबड्या पाळत. कोंबड्या दिवसभर बोरींखाली चरत, आणि सांजेला कुडाच्या खुराड्यात शिरत. बोधिसत्त्व एक दिवसाआड बोरवाडीला जाई, दारोदार फिरून अंडी गोळा करी, टोपल्यांत भाताचे तूस पसरून त्यात ती नीट रचून ठेवी, आणि कावड खांद्यावर टाकून नगराच्या बाजारातल्या आपल्या दुकानात येई. अंड्यांच्या बदल्यात तो बायकांना धान्य, मीठ आणि दिव्यापुरते तेल देत असे. त्या वस्तीतल्या चुली बऱ्याचशा त्या धान्यावर पेटत.

बोधिसत्त्वाचा एक नेम होता. तो खोटे बोलत नसे. अंडे चार दिवसांचे असले तर चार दिवसांचे आहे असे सांगे, आणि टोपलीत एखादे तडकलेले निघाले तर गिऱ्हाइकाच्या देखत बाजूला काढी. कदंबपुरात कोणाला एखाद्या बोलण्याची खात्री पटवायची असली, तर 'सोमिलला विचार' असे म्हणण्याची पद्धत पडली होती.

एका वर्षी राजाच्या कुक्कुटशाळेत अंडी फार झाली आणि उरलेली बाजारात येऊ लागली. ती धुतलेली, पांढरीशुभ्र आणि तुळतुळीत असत. बोधिसत्त्वाच्या अंड्यांवर कुठे वाळलेली शीट असे, कुठे चिखलाचा ठिपका, कुठे चिकटलेले पीस. आजवर त्याकडे कोणी पाहिले नव्हते. आता लोक पाहू लागले. एके सकाळी एका सोनाराच्या बायकोने त्याच्या टोपलीतले एक अंडे उचलले, फिरवून पाहिले, परत ठेवले, आणि टोपलीच्या काठालाच आपली बोटे पुसली. बोधिसत्त्वाला लाज वाटली. त्या आठवड्यात त्याने निम्मी अंडी बोरवाडीला परत नेली, आणि बायकांना धान्यही निम्मेच मिळाले.

तेव्हा बोधिसत्त्वाने बायकांना अंडी धुऊन देण्यास सांगितले. बोरवाडीच्या विहिरीजवळ गुरांना पाणी पाजण्याची एक जुनी दगडी दोण होती. बायकांनी ती घासून काढली आणि पाण्याने भरली. घरोघरची अंडी तेथे येत, दोणीत बुडवली जात, घोसाळ्याच्या वाळलेल्या चोथ्याने घासली जात, आणि फडक्यावर वाळत ठेवली जात. दोन-तीन दिवसांतच बोधिसत्त्वाची टोपली कुक्कुटशाळेच्या टोपलीसारखी दिसू लागली. गिऱ्हाइके परतली, आणखीही वाढली. सोनाराची बायको तर रोज येऊ लागली. बोरवाडीत कोणाच्या घराला नवे छप्पर आले, कोणी आणखी कोंबड्या घेतल्या.

मात्र हळूहळू दोन गोष्टी घडल्या. विहीर खोल होती आणि उन्हाळा जवळ येत होता, म्हणून दोणीतले पाणी रोज बदलण्याऐवजी दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी बदलले जाऊ लागले. आणि अंडी शेवटी धुतली जाणारच होती, म्हणून खुराडी झाडण्याची घाई कोणाला राहिली नाही. पूर्वी बायका आठवड्यातून एकदा तरी जुना पेंढा काढून नवा घालीत. आता तो महिना महिना तसाच राही. बोधिसत्त्व वस्तीत येई तेव्हा अंडी धुऊन वाळलेली असत, त्यामुळे त्याने खुराड्यांत डोकावणे सोडून दिले होते.

वस्तीच्या टोकाला कण्हा नावाची एक म्हातारी एकटी राहत होती. तिच्याकडे अकरा कोंबड्या होत्या. तिने अंडी धुण्यास नकार दिला. बोधिसत्त्व तिच्याकडे गेला तेव्हा ती खुराड्यातले गवत बदलत होती. तिने हात न थांबवता त्याचे ऐकून घेतले.

"कण्हामाय, सगळ्या धुतात. तू का धूत नाहीस?" बोधिसत्त्वाने विचारले.

"नुकत्या पडलेल्या ओल्या अंड्यावर कोंबडीनं साय घातलेली असते. ती वाळून अंड्याला चिकटून बसते," ती म्हणाली. "पाण्यानं घासलीस की ती जाते आणि अंडं उघडं पडतं. मग पाण्यात जे असेल ते आत जातं. मी खुराडं साफ ठेवते. अंडं घाण होऊ दिलं नाही की धुवायला लागत नाही."

तिने त्याला तिची अंडी दाखवली. ती स्वच्छ होती, पण त्यांना चमक नव्हती. एकदोघांवर गवताची काडी चिकटलेली होती. ती काडी तिने कोरड्या फडक्याने झटकली.

बोधिसत्त्वाला तिचे म्हणणे खोटे वाटले नाही. पण ते खरे आहे की नाही हे पाहण्याचे कष्टही त्याने घेतले नाहीत. चमकत्या अंड्यांत तिची फिकी अंडी मिसळली तर गिऱ्हाईक नाक मुरडेल, असे त्याने तिला सौम्यपणे सांगितले, आणि तो तिची टोपली न घेता पुढे गेला. त्यानंतर कण्हा स्वतःच कोसभर चालत येऊन नगराच्या उत्तर वेशीपाशी बसू लागली. विणकर, मजूर, वाटसरू असे गरीब लोक तिच्याकडून अंडी घेत, कारण ती स्वस्त देत असे.

वैशाखात कदंबपुरात आजार पसरला. लोकांना उलट्या होत, पोटात पीळ पडे, ताप चढे. धडधाकट माणसे चार दिवसांनी उठत. बाळंतिणी, म्हातारे आणि आधीच आजारी असलेले मात्र लवकर उठत नसत. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला शक्ती यावी म्हणून कोमट दुधात कच्चे अंडे फेटून देण्याची त्या नगरात रीत होती. राजवैद्याने चौकशी केली आणि दोष अंड्यांत आहे असे सांगितले.

माळी आळीत वासुला नावाची एक बाई फुलांचे हार करून विकत असे. तिला कुरंगी नावाची सात वर्षांची मुलगी होती. मुलगी तापातून नुकतीच उठली होती. तिला पंधरा दिवस दुधात अंडे फेटून दिले जात होते. तिला तो आजार झाला आणि तिसऱ्या दिवशी ती मरण पावली.

नगर हादरले. आता दोषी कोण हे ठरवणे लोकांना निकडीचे वाटू लागले. कोणी तरी म्हणाले की वासुला वेशीपाशी बसणाऱ्या म्हातारीकडून अंडी घेत असे. ते खरे होते. म्हातारी अंडी धूत नाही, हेही सगळ्यांना माहीत होते. नगररक्षकांनी कण्हेला पकडून वेशीजवळच्या कोठडीत ठेवले आणि तिच्या अकरा कोंबड्या पिंजऱ्यात घालून कोठडीच्या अंगणात आणल्या. न्याय देणारा अमात्य सीमेवर गेला होता. तो पंधरा दिवसांनी परतणार होता. तो आला की कोंबड्या मारल्या जातील आणि म्हातारीला देशाबाहेर काढतील, असे सगळे धरून चालले होते.

बोधिसत्त्वाकडे कोणी संशयाने पाहिले नाही. त्याची अंडी तर धुतलेली होती.

त्याला मात्र चैन पडेना. तो आजारी माणसांच्या घरी समाचाराला जाऊ लागला आणि प्रत्येक घरात कोणी काय खाल्ले होते ते विचारू लागला. काही घरांत अंडी मिठाच्या पाण्यात कडक उकडून खात. त्या घरांत कोणी आजारी नव्हते. जेथे कच्चे अंडे दुधात घेतले होते, तेथे आजार होता. आणि त्या घरांतल्या बहुतेकांनी कण्हेच्या टोपलीला कधी हातही लावलेला नव्हता. ती बोधिसत्त्वाचीच गिऱ्हाइके होती.

शेवटी तो वासुलेच्या घरी गेला. ती ओसरीवर बसून झेंडूच्या पाकळ्या उगाच एकीकडून दुसरीकडे सारत होती. तिने त्याला बसायला चटई दिली. बराच वेळ ती मुलीविषयी बोलत राहिली, आणि तो ऐकत राहिला. मग ती म्हणाली, "आम्हाला रोजचं म्हातारीकडचंच परवडायचं. पण पोर आजारी म्हणून मी दोन हार जास्त करायची आणि तिच्यापुरतं तुमच्याकडचं पांढरं आणायची. तिला मी एकदाही म्हातारीचं दिलं नाही. तरी कसं झालं ते कळत नाही."

बोधिसत्त्वाला ते कळले. त्याने तिला त्या वेळी काही सांगितले नाही. त्याला स्वतःची खात्री करून घ्यायची होती.

तो बोरवाडीला गेला, पण या वेळी अंड्यांसाठी थांबला नाही. तो सरळ दोणीपाशी गेला. दोणीच्या कडांना शेवाळ धरले होते, पाण्यावर पिसे आणि शिटेचा तवंग होता, आणि पाण्याला वास येत होता. त्याने खुराड्यांत वाकून पाहिले. पेंढा ओला होऊन काळा पडला होता. त्याच पेंढ्यावर अंडी पडली होती. त्याला कण्हेचे बोलणे आठवले. त्याने एका घरातून त्याच सकाळची बारा अंडी वेचून घेतली. सहा अंडी त्याने दोणीत घासून धुतली आणि त्यांवर कोळशाची रेघ ओढली. उरलेली सहा फक्त कोरड्या फडक्याने पुसली. बाराही अंडी एकाच टोपलीत, एकाच तुसात घालून त्याने आपल्या ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली. त्या दिवसापासून त्याने अंडी विकणे थांबवले. विचारणाऱ्यांना तो, माल चांगला आहे की नाही याची मला खात्री नाही, एवढे सांगे.

आठव्या दिवशी त्याने रेघेची दोन आणि बिनरेघेची दोन अंडी फोडली. बिनरेघेच्या अंड्यांचा बलक गोल आणि ताठ होता. रेघेच्या एका अंड्यातला बलक फुटून पाण्यासारखा झाला होता. दुसऱ्याला अशी दुर्गंधी आली की शेजारच्या धान्याच्या दुकानातून अचल उठून पाहायला आला.

अचल हा बोधिसत्त्वाचा लहानपणापासूनचा मित्र होता. बोरवाडीला जाणारे धान्य त्याच्याच दुकानातून जात असे. बोधिसत्त्वाने त्याला सगळे सांगितले. अचल वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे विचार केला आणि मग तो बोलला. म्हातारीच्या मागे मूल नाही, माणूस नाही, तिला दुसऱ्या कुठल्याही गावी एक झोपडी मिळेल, असे तो म्हणाला. पण सोमिल बोलला तर बोरवाडीचे अंडे पुन्हा कोणी घेणार नाही, आणि तीस घरांतली मुले उपाशी राहतील. दोण फोडून टाकावी, बायकांना समजावावे, पुढे सगळे नीट करावे. जे होऊन गेले ते बोलून परत येणार नाही.

"मी तुला खोटं बोलायला सांगत नाही," अचल म्हणाला. "तुला कोणी विचारलेलंच नाही. नुसता गप्प राहा. तुझा नेमही मोडत नाही."

तीस घरे खरोखरच होती, आणि त्यांतल्या प्रत्येक मुलाला तो नावाने ओळखत होता. दोन दिवस तो हेच मनात घोळवीत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कोठडीपाशी गेला.

कण्हा गजांच्या आत भिंतीला टेकून बसली होती. त्याला पाहून तिने पहिल्यांदा कोंबड्यांना पाणी दिले आहे का ते पाहायला सांगितले, कारण रक्षक विसरत. बोधिसत्त्वाने भांडी भरली, दाणे टाकले, पिंजऱ्याखालची घाण काढली. मग तो तिच्यापाशी येऊन बसला. तिच्या मनात राग असेल असे त्याला वाटले होते. ती फक्त थकलेली दिसत होती. तिने त्याला सांगितले की आपण कुठेही जाऊन राहू, पण कोंबड्या मारतील याचे वाईट वाटते, त्यांतली एक खुडूक होऊन अंड्यांवर बसायच्या बेतात होती.

"कण्हामाय," बोधिसत्त्व म्हणाला, "पोरगी कुणाच्या अंड्यानं गेली असं तुला वाटतं?"

"तुला ठाऊक आहे, सोमिला," ती म्हणाली. "मला कशाला विचारतोस?"

तेथून परत येताना बोधिसत्त्व अचलच्या दुकानात गेला. "मी खोटं बोलत नाही असं हे नगर मानतं," तो म्हणाला. "या प्रकरणात मी गप्प बसलो, तर लोक म्हणतील, काही असतं तर सोमिल बोलला असता. माझ्या गप्प बसण्यावरसुद्धा ते विश्वास ठेवतील. मग माझ्या नेमात काय राहिलं?" अचलने मान खाली घातली आणि तो दाणे चाळत राहिला.

ठरल्याप्रमाणे अमात्य परतला आणि वेशीजवळच्या वडाखाली न्यायसभा भरली. नगरातले लोक जमले होते. वासुला पुढे बसली होती. बोरवाडीच्या काही बायका मागे उभ्या होत्या. अमात्याने कण्हेला विचारले की ती अंडी धूत नाही हे खरे का. ती म्हणाली की खरे आहे. ती घाण अंडी विकते का, असे त्याने विचारले. ती म्हणाली की नाही. याहून जास्त ती बोलली नाही, आणि तिच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी दिसत नव्हते.

तेव्हा बोधिसत्त्व टोपली घेऊन पुढे आला. अमात्याने त्याला ओळखले.

"सोमिल, तुझ्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही," अमात्य म्हणाला.

"नाही, स्वामी. पण ती अंडी मी विकली होती."

मग त्याने पहिल्यापासून सगळे सांगितले. सोनाराच्या बायकोचे नाव न घेता त्याने आपली लाज सांगितली, दोण सांगितली, दोणीतले पाणी सांगितले. आपण खुराडी पाहणे सोडले होते हे सांगितले. म्हातारीने आपल्याला कारण समजावले होते आणि आपण ते तपासले नाही, हेही सांगितले. बायकांनी आपल्या सांगण्यावरून अंडी धुतली, म्हणून त्यांचा दोष धरू नये असे त्याने विनवले. नंतर त्याने टोपलीतली आठ अंडी एकेक करून पितळी परातीत फोडली. रेघेच्या चारांपैकी तीन नासली होती. बिनरेघेची चारही चांगली होती. पुढच्या रांगेतल्या लोकांनी नाकाला उपरणी लावली.

वासुला उठली. ती अमात्याकडे वळली नाही. तिने बोधिसत्त्वाकडे पाहून विचारले, "म्हणजे मी पोरीला मुद्दाम वेगळं आणलं, तेच का?"

बोधिसत्त्वाला तेथे नाही म्हणता आले असते, किंवा सांगता येत नाही असे म्हणता आले असते. त्यामुळे त्या आईचे दुःख कदाचित थोडे हलके झाले असते. तो म्हणाला, "हो, बाई, तेच. तुम्ही चांगलं म्हणून निवडलंत. ते चांगलं दिसेल असं मी केलं होतं. दोष माझा आहे."

वासुला खाली बसली. तिने पदर डोळ्यांना लावला नाही. ती परातीकडे पाहत राहिली.

अमात्याने कण्हेला सोडले आणि तिच्या कोंबड्या तिला परत दिल्या. बोधिसत्त्वाने वर्षभर नगरात एकही अंडे विकू नये, त्याचे बाजारातले दुकान वासुलेला हार विकण्यासाठी द्यावे, बोरवाडीची दोण फोडावी, आणि कण्हेने मान्य केल्याशिवाय त्या वस्तीचे अंडे वेशीच्या आत येऊ नये, असा निर्णय त्याने दिला. बोधिसत्त्वाने तो हात जोडून ऐकला.

बोरवाडीच्या बायका त्याच्यावर चिडल्या होत्या. तो वस्तीत शिरला की दारे लागत. धान्य बंद झाले होते, आणि ते सोमिलच्या बोलण्याने बंद झाले असेच त्या म्हणत. त्यात चूक नव्हती. बोधिसत्त्वाने आपली गाय विकली, अचलकडून धान्य घेतले आणि पावसाळा संपेपर्यंत घरोघर पोहोचवले. कित्येक घरांत ते न बोलता घेतले जाई. अचलही एके दिवशी स्वतः एक पोते खांद्यावर घेऊन आला.

बोधिसत्त्व कण्हेकडे काम शिकायला गेला, पण तिला शिकवण्याची हौस नव्हती. तिने त्याला पहिल्यांदा आपले खुराडे झाडायला लावले आणि महिनाभर दुसरे काही सांगितले नाही. त्या महिन्यात त्याला बरेच काही आपोआप समजले. अंडी घालण्याची जागा आणि रात्री बसण्याची जागा वेगळी हवी, कारण कोंबडी जेथे झोपते तेथे शिटते. गवत कोरडे हवे आणि ते ओलसर होण्याआधी बदलायला हवे. दाराशी वाळू टाकली की कोंबडीचे पाय आत येण्याआधी पुसले जातात. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा अंडी उचलली की ती तुडवली जात नाहीत. एवढे करूनही एखादे अंडे माखले, तर कण्हा ते विकत नसे. ते ती घरी ठेवी, चुलीवर ठेवण्याआधी धुई, आणि बलक घट्ट होईपर्यंत उकडून खाई. तडकलेले अंडेही ती बाजारात नेत नसे. अंड्यांना हात लावण्याआधी आणि नंतर ती राखेने हात धुई.

नंतर तिने इतर बायकांच्या खुराड्यांत डोकावायला सुरुवात केली. ती रागावत नसे. पेंढा काळा दिसला तर ती तो स्वतः ओढून बाहेर काढी आणि निघून जाई. पुढच्या खेपेला तेथे नवा पेंढा असे.

वर्ष सरल्यावर बोरवाडीची पहिली टोपली वेशीच्या आत आली. ती अंडी चमकत नव्हती. लोकांनी ती लगेच घेतली असेही नाही. पहिल्या दिवशी बोधिसत्त्वाने निम्म्याहून अधिक अंडी परत नेली. पण तो प्रत्येकाला ती कुठल्या घरची आणि कोणत्या दिवसाची आहेत ते सांगे, आणि न विचारताही कच्चे खाऊ नका असे सांगे. काही महिन्यांत गिऱ्हाइके पुन्हा येऊ लागली. राजाच्या कुक्कुटशाळेतही अंडी धुणे बंद झाले.

वासुला त्याच्या जुन्या दुकानात हार विकत असे, आणि तो तिच्यासमोर रस्त्याच्या पलीकडे जमिनीवर टोपली मांडून बसत असे. ती त्याच्याशी बोलत नसे. तिने पुन्हा कधी अंडे विकत घेतले नाही. एके दिवशी एक तरुण बाई कडेवर आजारी मूल घेऊन आली आणि तिने त्याच्याकडून दोन अंडी घेतली. बोधिसत्त्वाने तोंड उघडण्याआधीच वासुला हातातला हार खाली ठेवून रस्ता ओलांडून आली. तिने त्या मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"चांगलं उकडून दे, बाळा," ती त्या बाईला म्हणाली. "दुधात फेटून देऊ नकोस." मग तिने बोधिसत्त्वाकडे पाहिले, मान किंचित हलवली, आणि ती परत आपल्या जागी जाऊन बसली.

बोधिसत्त्व आयुष्यभर त्याच जागी अंडी विकत राहिला, आणि आपल्या कर्मानुसार पुढच्या गतीला गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात असताना सांगितली. त्या दिवशी एका भिक्खूच्या हातून पाण्याचा मोठा रांजण फुटला होता, आणि दोष दुसऱ्या भिक्खूवर आला तेव्हा रांजण फोडणारा गप्प राहिला होता. विचारल्यावर तो म्हणाला की मी खोटे बोललो नाही. कथा संपल्यावर तो उठला, त्याने सगळ्यांसमोर आपला दोष सांगितला आणि दुसऱ्या भिक्खूची क्षमा मागितली.

शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा अचल हा आजचा हाच भिक्खू होता, आणि त्या जन्मीही त्याने शेवटी पोते खांद्यावर घेतले होते. अमात्य म्हणजे या विहाराला वन देणारा गृहपती. कण्हा म्हणजे विहाराच्या अंगणात रोज पहाटे झाडू मारणारी वृद्ध उपासिका. वासुला आज अन्नछत्र चालवते, आणि आजाऱ्यांचे अन्न ती स्वतः शिजवते. सोमिल मी होतो."

सभेच्या कडेला विमलिका नावाची एक तरुण भिक्खुणी बसली होती. तिने हात जोडून विचारले, "भगवन्, आणि ती मुलगी?"

शास्ते तिच्याकडे वळले.

"ती तू होतीस, विमलिके," ते म्हणाले. "त्या जन्मी मी तुझे काही परत देऊ शकत नव्हतो. खरे तेवढे सांगू शकत होतो. ती माझी सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ती, होती."